उपवास आणि वाचलेला घास

मराठीत 'उपवास' या शब्दाचे गोत मोठे आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वस्' म्हणजे राहणे. म्हणजे मूळचा हा जवळ राहण्याचा शब्द. वैदिक विधीत यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमान अग्नीच्या सान्निध्यात राहून अन्न वर्ज्य करीत असे, त्यावरून अन्नत्यागाचा अर्थ त्याला जडला. 'उपासना' हा शब्द मात्र 'आस्', म्हणजे बसणे, या निराळ्या धातूपासून आलेला आहे; प्रवचनात या दोहोंची गल्लत होते, ती टाळलेली बरी. उपवासाचा लोकभाषेत 'उपास' झाला, उपास करणारा तो 'उपाशी', आणि दुष्काळात अन्नावाचून माणसे मरू लागली म्हणजे ती 'उपासमार'. ज्याने आपखुशीने जेवण सोडले तो, आणि ज्याला जेवण मिळालेच नाही तो, अशा दोघांना आपल्या भाषेने एकाच शब्दाने शेजारी बसविले आहे. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात उपवासाचा अर्थ शोधू लागलो असता या दोघांचे नाते हाच त्या इतिहासाचा कणा आहे, असे आम्हांस दिसून येते.

हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतला नाही. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. आपल्यापैकी काही मंडळ्या त्याला लेंत म्हणतात. गोव्यात तोच कोरेज्म. या काळात गोव्यात, बेळगावच्या सीमाभागात, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे सेवा करणाऱ्या पाळकांपुढे व धर्मशिक्षकांपुढे दोन प्रकारचे श्रोते बसलेले असतात. एक म्हणतो की, उपवास हा जुन्या नियमशास्त्राचा अवशेष आहे, आम्ही कृपेखाली आहोत. दुसरा काहीच म्हणत नाही. तो रोजंदारीवर जातो, पाऊस लांबला की त्याच्या घरी चूल एकदाच पेटते. अशा माणसाला आपण उपवासाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? शिवाय एकादशी, चतुर्थी, रमजान पाळणारे शेजारी विचारतात की, तुमच्यात उपास नसतो का? या तिघांनाही द्यावयाचे उत्तर मंडळीच्या अनुभवात आहे, म्हणून तो अनुभव येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

शास्त्रातील पाया

मोशेच्या नियमशास्त्रात सर्व इस्राएलास नेमून दिलेला वार्षिक उपवास एकच, तो प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. लेवीयच्या सोळाव्या व तेविसाव्या अध्यायांत त्याची आज्ञा आहे. तेथे उपवास हा शब्दही येत नाही. जिवाला दंडन करावे एवढेच सांगितले आहे. परंपरेने त्याचा अर्थ अन्नत्याग असा घेतला, आणि पौलाच्या समुद्रप्रवासाच्या वृत्तांतात त्या दिवसाला नुसते 'उपवास' म्हटलेले आढळते (प्रे. कृत्ये २७:९). यरुशलेमाच्या नाशानंतर शोकाचे आणखी चार उपवास रूढ झाले. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी दारयावेश राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ५१८ च्या सुमारास, हे शोकाचे उपवास पुढे चालवावेत काय, असे विचारले. जखऱ्या संदेष्ट्याने होय किंवा नाही असे उत्तर दिले नाही. इतकी वर्षे हे उपवास कोणासाठी केले, असा प्रतिप्रश्न त्याने प्रभूच्या वतीने केला, आणि विधवा, अनाथ, परका व दीन यांच्यावर जुलूम करू नये हे जुने वचन त्यांच्यापुढे ठेवले (जखऱ्या ७). यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात तर उपवासाच्या दिवशीच मजुरांना राबविणारे लोक, देव आमच्या उपवासाकडे पाहत नाही, अशी तक्रार करतात. देव आपल्याला आवडणारा उपवास सांगतो तो असा: अन्यायाचे बंध सोडणे, भुकेल्याशी भाकर वाटून घेणे, निराश्रिताला घरात आणणे, उघड्याला वस्त्र देणे.

आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दानधर्म, प्रार्थना व उपवास ही तिन्ही कृत्ये एकापाठोपाठ आणि एकाच साच्यात सांगितली आहेत (मत्तय ६:१–१८). शिष्य उपवास करतील हे तो गृहीत धरतो. ते लोकांस दिसावे म्हणून करू नये, एवढीच त्याची अट. दुसऱ्या प्रसंगी, तुझे शिष्य उपवास का करीत नाहीत, असे विचारले असता त्याने वराचा दृष्टान्त दिला. वर सोबत असता वऱ्हाडी उपवास कसा करतील? तो काढून घेतला जाईल तेव्हा करतील (मार्क २:१८–२०). म्हणून ख्रिस्ती उपवासात नुसते पश्चात्तापाचे रडणे नाही. वराची वाट पाहणेही आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे रविवारी, उपवास करू नये असा नियम मंडळीने पुढे केला त्याचे मूळ येथे आहे.

प्रेषितांच्या काळी अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांना पाठविताना उपवास व प्रार्थना केली (प्रे. कृत्ये १३:२–३). त्याच काळी करिंथात उलट प्रकार घडत होता. प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई (१ करिंथ. ११:२१). पौलाने त्यावर जे कडक शब्द लिहिले ते उपवासाविषयी नाहीत, तथापि पुढील सर्व विवेचनाला ते उपयोगी आहेत. एकाच मेजावर एकाचे पोट भरलेले आणि दुसऱ्याचे रिकामे असणे हा प्रभूच्या देहाचा अवमान आहे, हे त्यांचे सार होय. येथेच आणखी एक सावधगिरी सांगणे अवश्य वाटते. भूत काढण्याच्या प्रसंगी मार्क ९:२९ मध्ये प्रार्थनेसोबत आलेले उपवासाचे शब्द सिनाय व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांच्या मूळ पाठात नाहीत. म्हणून उपवास म्हणजे सामर्थ्य मिळविण्याची हमखास युक्ती, अशी शिकवण या वचनावर उभारू नये.

पहिल्या शतकांतील मंडळी

१८७३ मध्ये ब्रिएन्नियोस या ग्रीक धर्माध्यक्षाला कॉन्स्टॅन्टिनोपल येथील एका ग्रंथालयात 'दिदाखे', म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, या पुस्तकाचे हस्तलिखित सापडले आणि १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पहिल्या शतकाच्या अखेरचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे हे पुस्तक मंडळीला बुधवारी व शुक्रवारी उपवास करावयास सांगते. सोमवार व गुरुवार हे यहुदी उपवासाचे वार होते. बाप्तिस्मा घेणाऱ्याने एकदोन दिवस आधी उपवास करावा, आणि बाप्तिस्मा देणाऱ्यानेही त्याच्यासोबत करावा, असेही त्यात आहे. हा दुसरा भाग धर्मशिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. शिकविणारा बाजूला उभा राहून उपवास सांगत नाही, तो शिकणाऱ्याबरोबर उपाशी राहतो. छळ करणाऱ्यांसाठी उपवास करा, असेही हे पुस्तक सांगते.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोम येथे लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाचा हिशेबच मांडून दिला आहे. उपवासाच्या दिवशी भाकर व पाणी एवढेच घ्यावे. एरवी त्या दिवशी जेवणाला जो खर्च आला असता त्याचा अंदाज करून तेवढी रक्कम विधवेस, अनाथास किंवा गरजवंतास द्यावी. म्हणजे उपवास पोटाशी संपत नाही, दुसऱ्याच्या ताटाशी पोचतो तेव्हा तो पुरा होतो. त्याच शतकातील अथेन्सचा अरिस्तिदेस ख्रिस्ती लोकांच्या समर्थनार्थ लिहितो की, त्यांच्यात कोणी दरिद्री असला आणि त्याला द्यावयास जवळ जादा काही नसले, तर ते दोनतीन दिवस उपवास करून त्याचे अन्न पुरे करतात. हे समर्थन शतकानुशतके हरवले होते; १८८९ मध्ये सिनाय पर्वतावरील संत कॅथरिनच्या मठात रेंडेल हॅरिस यांना त्याचे सुरियानी भाषांतर मिळाले. अरिस्तिदेसच्या या साक्षीत आम्हांस विशेष वाटते ते हे की, येथे उपवास करणारे स्वतःच गरीब आहेत. त्यांच्याजवळ शिल्लक नाही, म्हणून ते घास वाचवून शिल्लक निर्माण करतात.

उपवास किती दिवसांचा करावा याविषयी आरंभी एकमत नव्हते. इ. स. १९० च्या सुमारास लिओनचा बिशप इरेनेयस याने रोमचा बिशप विक्टर यास लिहिलेले पत्र युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासात जतन झाले आहे. पुनरुत्थानसणापूर्वी काही लोक एक दिवस उपवास करतात, काही दोन, काही अधिक, काही चाळीस तास, असे सांगून तो म्हणतो की, उपवासातील हा भेद विश्वासातील ऐक्यालाच पुष्टी देतो. आज एकाच शहरात निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक निरनिराळ्या तऱ्हेने उपवासकाळ पाळतात. त्यांनी इरेनेयसचे हे सौजन्य आठवणीत ठेवावे.

चाळीस दिवस

३२५ च्या नायसिया परिषदेच्या पाचव्या नियमात 'चाळिशी'चा उल्लेख येतो, तो जणू सर्वांस ठाऊक असल्यासारखा. अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसची पुनरुत्थानसणाची वार्षिक पत्रे पाहिली म्हणजे ही प्रथा कशी रुजत गेली ते दिसते. ३२९ च्या पत्रात पवित्र सप्ताहाचाच उपवास आहे. ३३० च्या पत्रात चाळीस दिवस येतात. आणि पुढे ३४० च्या सुमारास रोमहून तो आपल्या मित्राला लिहितो की, सारे जग उपवास करीत असता आपण मिसरी लोकच न करणारे असे हसू होऊ नये. या चाळीस दिवसांत बाप्तिस्म्याचे उमेदवार शिक्षण घेत आणि सारी मंडळी त्यांच्यासमवेत उपवास करी. धर्मशिक्षकाच्या सेवेचा आणि उपवासकाळाचा संबंध इतका जुना आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडून यरुशलेमास यात्रेला गेलेली एगेरिया ही स्त्री तेथील उपवासकाळाचे वर्णन करते. कोणी आठवड्यातून एकदाच जेवत, कोणी दिवसातून एकदा. परंतु जो अधिक करी त्याची स्तुती होत नसे आणि जो कमी करी त्याला दोष देत नसत. प्रत्येक जण आपल्या शक्तीप्रमाणे करी. याच शतकात आशिया मायनरमधील गांग्रा येथील परिषदेने, तपाच्या अभिमानाने रविवारी उपवास करणाऱ्यांना आणि विवाहितांना तुच्छ लेखणाऱ्यांना बहिष्कृत ठरविले. अन्न वाईट आहे म्हणून ते सोडणे हा ख्रिस्ती उपवास होत नाही. अन्न देवाचे दान आहे, ते चांगले आहे, म्हणूनच ते सोडण्यात व वाटण्यात अर्थ आहे.

या शतकातील दोन धर्मोपदेशकांकडे पाळकांनी मुद्दाम पाहावे. ३६९ च्या सुमारास कप्पदुकियात अवर्षण पडले. कैसरियाच्या बासिलने या काळात धान्य दाबून ठेवणाऱ्यांना उद्देशून प्रवचने केली, लूकच्या बाराव्या अध्यायातील कोठारे मोडून मोठी बांधू पाहणारा धनवान त्यांच्यापुढे उभा केला, श्रीमंतांची कोठारे उघडविली आणि भुकेल्यांना एकत्र आणून स्वतः अन्न वाढले. उपवासावर प्रवचने लिहिणारा तोच बासिल होय. दुष्काळात त्याने उपाशी लोकांना उपवास सांगितला नाही. कोठारवाल्यांना तो सांगितला.

दुसरा योहान ख्रिसोस्तोम. ३८७ मध्ये अंत्युखियात नव्या करावरून दंगल उसळली आणि जमावाने सम्राट थिओडोसियस व त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडले. सम्राटाच्या सूडाच्या भीतीने शहर गारठून गेले. वृद्ध बिशप फ्लाविअन क्षमा मागण्यासाठी राजधानीस निघाला. हे सर्व उपवासकाळाच्या सुमारास घडले. आदल्याच वर्षी दीक्षित झालेला पुरोहित योहान त्या दिवसांत लोकांपुढे उभा राहिला. त्याच्या तिसऱ्या प्रवचनात उपवास तोंडापुरता नसावा, डोळ्यांनी, कानांनी, पायांनी व हातांनीही उपवास करावा, अशी शिकवण आहे. पक्षी व मासे वर्ज्य करणारा माणूस निंदेने भावाला चावून खात असेल तर त्याला काय लाभ, असे तो विचारतो. शहर भयाने आपोआप गंभीर झाले होते, तरी त्या भयालाच त्याने पश्चात्ताप मानले नाही.

पुढच्या शतकात रोमचा बिशप थोर लिओ, ४४० ते ४६१ या त्याच्या कारकिर्दीतील प्रवचनांतून, उपवास व दानधर्म यांची सांगड वारंवार घालतो. उपवास करणाऱ्याने जे सोडले ते गरिबाचे अन्न व्हावे, ही त्याची शिकवण हर्मासच्या हिशेबाचेच पुढचे पान आहे.

नियम वाढले, घास हरवला

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी केलेल्या नियमावलीत उपवासकाळाचे एक छोटे प्रकरण आहे. प्रत्येकाने नेमल्याहून थोडे अधिक, अन्नात, पेयात, झोपेत किंवा बोलण्यात, आनंदाने अर्पण करावे. पण काय करणार ते आधी मठाधिपतीला सांगावे, नाहीतर तो गर्व ठरेल. दुबळ्यांना व आजाऱ्यांना मांसाची मोकळीक त्याने दिली आहे. कडकपणा व माणुसकी यांचा असा मेळ पुढे सर्वत्र राहिला नाही.

मध्ययुगात पश्चिमेकडे उपवासाचा कायदा वाढत गेला आणि सोबत पळवाटाही वाढल्या. दिवसातून एकदाच, तेही संध्याकाळी, करावयाचे जेवण दुपारी तीनवर आले, पुढे मध्यान्हीवर आले. मग रात्रीसाठी थोडा फराळ मान्य झाला. मांस वर्ज्य, पण मासे चालत. त्यामुळे श्रीमंतांच्या घरी नाना तऱ्हेच्या माशांच्या पंक्ती उठू लागल्या. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, ती म्हण त्या मेजवान्यांना तंतोतंत लागू पडली असती. लोणी खाण्याची सूट पैसे देऊन मिळू लागली. फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलच्या एका बुरुजाला आजही 'लोण्याचा बुरूज' म्हणतात. १४८५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या बांधकामाला या सवलतींच्या पैशाचा हातभार होता. वाचलेला घास गरिबाकडे जाण्याऐवजी, न वाचलेल्या घासाचे मोल दगडात जाऊन बसले. १५२० मध्ये जर्मन सरदारवर्गास उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत मार्टिन लूथरने या लोणी-परवान्यांवर कडाडून टीका केली.

दोन वर्षांनी झुरिच शहरात याला तोंड फुटले. १५२२ च्या उपवासकाळातील पहिल्या रविवारी क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी काही जणांनी मांसाचे सॉसेज खाल्ले. उलरिख झ्विंगली तेथे हजर होता, पण त्याने खाल्ले नाही. मुद्रकाने नगरसभेपुढे कैफियत दिली की, फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी कामगार रात्रंदिवस राबत आहेत आणि नुसत्या लापशीवर त्यांचा निभाव लागत नाही. सुधारणेच्या इतिहासात हा प्रसंग स्वातंत्र्याचा म्हणून सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु त्यात कष्टकऱ्याचे पोट होते हे विसरू नये. २३ मार्च रोजी झ्विंगलीने अन्नाच्या निवडीविषयी प्रवचन केले. त्याचा आशय असा की, ज्याला उपवास करावयाचा त्याने करावा, पण शास्त्रात नसलेला भार दुसऱ्याच्या सदसद्विवेकावर लादू नये.

सुधारकांनी उपवास टाकून दिला, ही समजूत बरोबर नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राच्या सव्विसाव्या कलमात, उपवासाने कृपा कमावता येते या मताचा निषेध आहे, देहाला वळण लावण्याचा नाही. कॅल्विनने आपल्या 'संस्था' या ग्रंथाच्या चौथ्या भागात उपवासाचे तीन हेतू सांगितले: देह ताब्यात ठेवणे, प्रार्थनेची तयारी करणे, आणि देवापुढे दीनता प्रकट करणे. मात्र हर्मासचा हिशेब या तिघांत स्वतंत्रपणे येत नाही, याची आम्हांस खंत वाटते. इंग्लंडात तर १५६३ च्या कायद्याने बुधवार हा मासे खाण्याचा दिवस ठरला, तो कोळी व नाविक यांची संख्या टिकून आरमार बळकट व्हावे म्हणून; आणि यात आत्म्याच्या तारणाचा हेतू आहे असे सांगणाऱ्यास शिक्षा होती. वाचलेला घास येथे आरमाराच्या कामी आला.

आपल्या भूमीत

भारतात ख्रिस्ती उपवासाची परंपरा युरोपीय मिशनांहून जुनी आहे. केरळातील सुरियानी ख्रिस्ती लोकांचा मोठा उपवास मांसच नव्हे तर मासे, अंडी व दूधही वर्ज्य करणारा. शिवाय योनाच्या उपदेशाने निनवेच्या लोकांनी केलेल्या उपवासाच्या स्मरणार्थ ते तीन दिवसांचा 'मून्नु नोंब' पाळतात. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सु द मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे परिषद भरवून या मंडळीला लॅटिन वळण लावले, तेव्हा उपवासाची दोन निरनिराळी वळणे एकमेकांसमोर आली होती.

गोव्यात प्रश्न निराळा होता. तेथील नवख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान् पिढ्या उपास करीत आलेली. मंडळीने त्यांना आपले उपवास दिले आणि जुने सोडावयास सांगितले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आदेशात निषिद्ध ठरविलेल्या देशी चालींमध्ये विशिष्ट तिथींचे उपवासही होते. मूर्तिपूजेपासून लोकांस दूर ठेवण्याचा हेतू त्यामागे होता. परंतु शिक्षेच्या भीतीने सुटलेल्या उपासाने ख्रिस्ती उपवासाचा अर्थ शिकविला असे म्हणता येणार नाही. शेजाऱ्याच्या उपासाची टवाळी करणाऱ्या उपदेशकाने मत्तयचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा. तेथील ढोंगाविषयीचा इशारा शिष्यांना, म्हणजे आपल्याला, दिलेला आहे.

उपवास आणि उपासमार यांचे नाते आपल्या भाषेत पंडिता रमाबाईंइतके कोणी जगले नसेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह व्रते, उपवास, तीर्थयात्रा व दानधर्म यांत सारी मिळकत वेचली. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने त्यांना गाठले. पाला व पाणी यांवर दिवस काढावे लागले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, त्या ही स्मृती मनात घेऊनच. तेथून त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांची सोय केली. भुकेचा अर्थ ज्यांना शरीराने ठाऊक होता त्यांनी भुकेल्यांसाठी चूल मांडली.

ईशान्येकडील मिझोराममध्ये याचेच घरगुती रूप दिसते. १९१० च्या सुमारास तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीत 'बुहफाई थाम' ही चाल सुरू झाली. स्वयंपाक करताना गृहिणी प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ प्रभूच्या कार्यासाठी बाजूला ठेवते. कोणी उपाशी राहत नाही, गाजावाजा होत नाही. पण वाचलेल्या घासाचे तत्त्व तेथे रोज दोन वेळा पाळले जाते. ज्या मंडळीत रोख पैसा नाही, तिच्याही घरात ही मूठ असते.

आजचे कर्तव्य

विसाव्या शतकात या जुन्या हिशेबाची आठवण अनेक ठिकाणी जागी झाली. जर्मनीत १९५९ च्या उपवासकाळापासून 'मिझेरेओर' या संस्थेने जगातील भूक व रोग यांच्याविरुद्ध निधी गोळा करण्यास आरंभ केला. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप पॉल सहावे यांनी 'पेनितेमिनि' या पत्रकाने कॅथलिक उपवासाचे नियम सौम्य केले. त्यानंतर राखेचा बुधवार व पवित्र शुक्रवार हेच दोन बंधनकारक उपवासाचे दिवस राहिले, आणि १९८३ च्या धर्मसंहितेने हे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत ठरविले. पुष्कळांनी यातील सूट तेवढी लक्षात ठेवली. त्याच पत्रकातील एक भेद मात्र आमच्या प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. सुबत्ता असलेल्या देशांत ख्रिस्ती लोकांनी आत्मसंयमन करावे व भुकेल्यांवर प्रीती करावी. दारिद्र्य असलेल्या देशांत सामाजिक न्यायासाठी झटत असता आपले दुःख ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडून प्रार्थनेत अर्पावे. आपल्या देशात हे दोन्ही देश एकाच गावात, पुष्कळदा एकाच मंदिरात, शेजारी बसलेले असतात. म्हणून उपदेशही दोन तऱ्हांनी करावा लागतो.

ज्याच्या घरी अन्न आहे त्याला उपवास स्पष्टपणे सांगावा, आणि सोबत हर्मासचा हिशेबही सांगावा. शुक्रवारचे जेवण सोडले तर त्याचे पैसे किंवा धान्य मंडळीच्या पेटीत यावे, आणि ते कोणत्या घरी गेले याची व्यवस्था गाजावाजा न करता पाहावी. मजूर कामाला लावणाऱ्यांना यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचून दाखवावा. उपवासकाळात मजुरी वेळेवर देणे हा त्यांच्या उपवासाचा भाग आहे. ज्याच्या घरी अन्न नाही त्याला उपवास करावयास सांगू नये. त्याची भूक देवाला ठाऊक आहे, ती त्याच्या पापाची शिक्षा नाही, आणि मंडळीच्या ताटात त्याचा वाटा आहे, हे त्याला सांगावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मधुमेहासारख्या आजाराचे रुग्ण, अंगमेहनत करणारे व वृद्ध यांना मोकळीक देताना बेनेडिक्टप्रमाणे ती आपण होऊन द्यावी, त्यांना मागावयास लावू नये. आणि दिदाखेने सांगितल्याप्रमाणे शिकविणाऱ्याने आधी स्वतः उपवास करावा.

शेजारी विचारतील की, तुमच्यात उपास असतो का? त्यांना सांगावे की, असतो. कोणत्या दिवशी काय खावे याची मोठी यादी आमच्यापाशी नाही, मात्र आमच्या उपासातून वाचलेले अन्न कोणाच्या घरी गेले हे आमचा प्रभू विचारतो. येत्या उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक पाळकाने व धर्मशिक्षकाने आपल्या मंडळीची यादी हाती घेऊन, कोणाच्या घरी चूल एकदाच पेटते याची आधी चौकशी करावी, आणि मगच उपवासाच्या प्रवचनाची तयारी करावी, असे आम्ही सुचवितो.